अविकारी विशेषण

बेल्परच्या चढावर, सकाळी पावणेआठला,
ईनिड रॅगबाईंचं दार मी माझ्याकडच्या किल्लीनं उघडते.
अंगात दोन स्वेटर, वर कोट,
डोक्याला कानटोपी,
जी मी घरात आल्यावरही काढत नाही,
कारण घरात आणि बाहेर फरक फक्त वाऱ्याचा.
त्या खुर्चीतून बघतात.
"नेश आहेस गं तू, बदके."

इथे माया आली की माणसाला बदक म्हणतात.
त्याची सवय मला आठवड्यात झाली.
नेशचं काही कळेना.
मला आधी वाटलं, नेस म्हणतायत.
आणखी काय नेसू बाई,
होतं नव्हतं ते सगळं चढवून आलेय.

लायब्ररीतल्या छोट्या कोशात तो शब्द नव्हता.
मोठा कोश सगळ्यात खालच्या फळीवर,
दोन्ही हातांनी उचलावा लागला.
त्यात होता. जुना, बोलीतला, या डोंगरांकडचा:
थंडी न सोसणारा.
आणि त्याच्या मागे, खूप मागे,
नुसताच मऊ.

परतीच्या बसमध्ये मी आपले शब्द लावून पाहिले.
नाजूक? नाजूकचं कौतुक होतं, याचं होत नाही.
लेचापेचा तर सगळ्याच बाबतीत लेचापेचा,
हा फक्त गारठ्यापुरता.
हळवा जरा जवळ आला. तोही अंगाला बसेना.
हळव्याला रडू येतं,
नेशला हुडहुडी.

जामखेडच्या शाळेत मी सातवीला व्याकरण शिकवत असे.
चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोर,
ही विकारी.
लाल मात्र लालच, कडू कडूच.
नेश त्या रांगेतला.
तो नेश, ती नेश, ते नेश.

वापर मात्र कोशात नव्हता, तो रस्त्यावर शिकले.
खिडकी लावा म्हणणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतो.
बर्फात उघड्या गुडघ्यांनी टपाल वाटणारा पोस्टमन
माझ्या मफलरकडे बघून म्हणतो.
जानेवारीत अर्ध्या चड्डीत शाळेला निघालेला माझा निनाद
फाटकातून ओरडतो, "मम्मी, नेश नको ना होऊस!"
तू नेश. तो नेश. ते दक्षिणेकडचे सगळेच नेश.
मी नेश, असं कोणी म्हटलेलं ऐकलं नाही.
प्रथमपुरुषी हे विशेषण चालत नाही,
मी वहीत लिहून ठेवलं असतं,
वही असती तर.

ईनिडबाईंचा हीटर आठवड्यातून दोनदा, तासभर.
मीटरचे आकडे त्या चष्मा पुसून वाचतात.
मी एकदा बटणाला हात लावला तर बोटांवर चापट.
"आम्ही नेश नाही."
आम्ही म्हणजे त्या आणि भिंतीवरचे हार्वे,
चुनखडीच्या खाणीत अडतीस हिवाळे काढलेले.

फेब्रुवारीत एका सकाळी मी त्यांचे पाय धूत होते.
निळसर पाय, कोमट पाण्यातही गार.
त्या म्हणाल्या,
"शेवटच्या आठवड्यात हार्वेनं दुसरं ब्लँकेट मागितलं.
मी काय म्हणाले असेन, सांग."
मी सांगितलं नाही.
किटलीतलं थोडं गरम पाणी घमेल्यात ओतलं.
"तेच म्हणाले. मग दिलं.
पण आधी म्हणाले."

मी एकेक बोट टॉवेलनं टिपत राहिले.
बाहेर कचऱ्याची गाडी आली, गेली.
"मी नेश झालेय, बदके,"
त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या,
"ते बटण दाब."

पाइपात आधी खडखड, मग ठोके,
जसं आत कोणी दार वाजवतंय.
वीस मिनिटांनी मला घाम आला.
मी कोट काढला, एक स्वेटर काढला,
शेवटी कानटोपी.

त्या वाकून बघायला लागल्या.
चौदा महिन्यांत पहिल्यांदाच.
"अगं," म्हणाल्या,
"तुझे केस तर माझ्याहून पांढरे."